रोबोटिक्सच्या संघात मुलींचा हात बसावा म्हणून

आमच्या शाळेच्या पहिल्या रोबोटिक्स संघात सहा जण होते, तीन मुलगे आणि तीन मुली. फलकावर नावं लागली तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसले आणि वहीच्या मागच्या पानावर सहा रकाने आखले. स्क्रू ड्रायव्हर, वायर, मल्टिमीटर, लॅपटॉप किंवा खुद्द रोबोट ज्याच्या हातात असेल, त्याच्या रकान्यात दर मिनिटाला एक रेघ. तास संपला तेव्हा मुलग्यांचे रकाने भरले होते. दोन मुलींच्या रकान्यांत मिळून मोजक्या रेघा होत्या आणि तिसरीच्या रकान्यात एकच. टेबलाखाली पडलेला नट तिने उचलून दिला होता, त्याची ती रेघ.

त्या तिघी रिकाम्या बसल्या नव्हत्या. एक प्रकल्पवही सुवाच्य अक्षरात लिहीत होती, दुसरी तक्ता रंगवत होती, तिसरी परीक्षकांपुढचं निवेदन पाठ करत होती. सगळ्या मन लावून काम करत होत्या, पण वर्ष संपलं तेव्हा तिघींपैकी एकीलाही मोटर जोडून चालवून दाखवता येत नव्हती. ही चूक माझी होती. ती मला दिसली नव्हती, कारण मी फक्त नावं मोजत होते.

पुढच्या वर्षांत आम्ही काय काय बदललं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आमची शाळा तालुक्याच्या गावातली, सेमी-इंग्रजी. निम्मी मुलं आसपासच्या वाड्यांतून एसटीने येतात. शहरातल्या शाळेत काही गोष्टी वेगळ्या असतील, पण टेबलाभोवती घडतं ते सगळीकडे सारखंच असतं.

पायरी १ : आधी आपल्याच टेबलाकडे बघा

संघ आधीच असेल तर काहीही बदलण्याआधी दोन तास ती रेघांची नोंद ठेवा. मुलांना सांगू नका, नाहीतर सगळे शहाण्यासारखे वागतील. नोंद ठेवताना आणखी तीन गोष्टी टिपा. कुणाच्या हातातून काम मध्येच काढून घेतलं गेलं? ‘दे इकडे, मी करतो’ हे वाक्य कोण, कुणाला, किती वेळा म्हणालं? आणि काही बिघडलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळल्या? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकाच मुलाचं नाव असतं. तो मुलगा वाईट नसतो. त्याच्या घरी जुना रेडिओ उघडायला कुणी हरकत घेतलेली नसते, एवढाच फरक. मुलीने मिक्सर उघडला तर ‘बिघडवशील’ आणि मुलाने उघडला तर ‘शिकतोय’ हे आपण घरोघरी ऐकतो. सातवी-आठवीत मुलं आपल्याकडे येतात तेव्हा हा फरक आधीच पडलेला असतो, आणि तो भरून काढायचं काम आपलं आहे.

संघ नवा असेल तर ही पायरी सोडा आणि पुढे जा. पण महिन्याभराने इथे परत या.

पायरी २ : नाव देण्याची वाट पाहू नका, बोलावणं करा

‘इच्छुक विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत’ अशी सूचना लावली की मुलगेच जास्त येतात. मुलींना आवड नसते म्हणून नव्हे. ‘मला यातलं काही येत नाही, मग मी कसं नाव देऊ?’ असं त्यांना वाटतं. मुलग्यालाही काही येत नसतं, पण तो नाव देतो.

म्हणून सूचनेत पहिल्याच ओळीत लिहा : ‘आधी काही येण्याची गरज नाही.’ गुणांची अट घालू नका. मग सातवी-आठवीच्या वर्गात जाऊन मुलींना नावाने बोलवा. एखादीला का बोलावलं ते तिला सांगा. ‘तू प्रयोगवहीत परिपथाची आकृती काढली होतीस, त्यात कळ कुठे हवी ते तुला बरोबर कळलं होतं’ असं ठोस काहीतरी. ‘तू हुशार आहेस’ एवढं पुरत नाही. हुशार मुलीला चुकायची भीती जास्त असते आणि रोबोटिक्समध्ये तर रोज चुकायचं असतं.

एकटी मुलगी घेऊ नका. संघात किमान तिघी असाव्यात. एकटी असली की ती सगळ्या मुलींची प्रतिनिधी होते आणि तिची चूक ‘मुलींना जमत नाही’ या खात्यात जमा होते. दोघी असल्या तरी एक आजारी पडली की दुसरी एकटीच. मैत्रिणींची जोडी आली तर बिनधास्त घ्या. गप्पा मारतील म्हणून त्यांना तोडू नका, भीड चेपायला मैत्रीण लागतेच.

आठवीच्या आत सुरुवात करणं महत्त्वाचं आहे. नववीत क्लास सुरू होतात, दहावीचं सावट येतं आणि घरातून ‘आता हे नको’ सुरू होतं. सातवीत हात बसलेली मुलगी नववीत स्वतः वेळ काढते.

पायरी ३ : घरच्यांशी बोलणं

मी सुरुवातीला पालकांना रोबोटिक्सचं महत्त्व समजावत असे. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पालकांचे प्रश्न वेगळेच असतात आणि ते साधे, रास्त असतात. किती वाजता सुटणार? कोणत्या गाडीने येणार? सोबत बाई असणार का? पैसे किती? अभ्यासाचं काय?

आता मी एका पानाचं पत्र देते आणि त्यात फक्त याच प्रश्नांची उत्तरं असतात. वार, वेळ, गाडीची वेळ, थांबणाऱ्या शिक्षिकेचं नाव, खर्च असेल तर नेमका आकडा, घटक चाचणीच्या आठवड्यात सराव बंद. वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर घ्या. आमच्याकडे शेवटची सोयीची गाडी साडेपाचला आहे, म्हणून सराव पाचला संपतो म्हणजे संपतो. ‘दहा मिनिटं थांबा, रोबोट आत्ताच चालायला लागलाय’ हा मोह मीही टाळते. एकदा मुलगी अंधारात घरी पोहोचली की तिचा सराव कायमचा बंद होतो.

इथे शासनाच्या योजनांची मदत होते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात. आगारप्रमुखांना मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र देऊन आठवड्यातून दोन दिवस गाडीची वेळ थोडी पुढे घेता येते का, हे विचारून बघा. विचारायला काहीच जात नाही.

आईशी वेगळं बोला. पालकसभेत वडील बोलतात, पण सायंकाळच्या कामातून मुलीला मोकळं करायचं की नाही हे बहुधा आई ठरवते. एका आईने मला सांगितलं, ‘बाई, तिचा भाऊ क्रिकेटला जातो तेव्हा मी विचारत नाही, आणि ही थांबते म्हटलं की माझा जीव वरखाली होतो.’ तिला मी लॅबमध्येच बोलावलं. मुलीने आईसमोर दिवा लावणारी छोटी गाडी चालवून दाखवली. त्यानंतर पत्राची गरज पडली नाही. दर तिमाहीला असा एक ‘आई-बाबांचा तास’ ठेवा आणि त्यात मुलींनीच चालवून दाखवायचं, शिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही.

पायरी ४ : पहिले सहा आठवडे फक्त हातासाठी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक शाळा थेट स्पर्धेच्या तयारीला लागतात. वेळ कमी असतो, मग ज्याला आधीपासून येतं तोच करतो आणि बाकीचे बघतात. ते टाळायचं असेल तर स्पर्धेचं नावही न काढता सहा आठवडे प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट स्वतः करायची. चौघांत एक संच देऊ नका, दोघांत एक द्या. संच कमी असतील तर दोन गट करा आणि वेगवेगळ्या दिवशी बोलवा. या काळात जोडी मुलगी-मुलगी, मुलगा-मुलगा अशी असू द्या. पुढे मिसळायचंच आहे.

पहिला आठवडा उघडण्याचा. भंगारातलं खेळणं, बंद पडलेला टेबलफॅन, जुना प्रिंटर आणा. प्लग काढलेला आहे ना ते बघा आणि मुलींना स्क्रू ड्रायव्हर द्या. यात बिघडण्यासारखं काही नसतं, कारण ते आधीच बिघडलेलं आहे. भीती इथेच निम्मी जाते. प्रिंटरमधून मोटर, गिअर आणि लोखंडी दांडे निघतात, ते पुढे वापरता येतात.

दुसऱ्या आठवड्यात ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता तारा खोचून परिपथ जोडायची पाटी), एलईडी, रोध (रेझिस्टर) आणि बटण. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. रोध न लावता एक एलईडी मुद्दाम जाळून दाखवा, किंबहुना प्रत्येकीला एक जाळू द्या. एक-दोन रुपयांच्या एलईडीतून ‘जळलं तरी जग बुडत नाही’ हे कळतं, आणि ते शिकायला याहून स्वस्त साधन मला सापडलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मल्टिमीटर. या एका उपकरणासाठी पूर्ण आठवडा द्या. ज्या मुलीला मल्टिमीटर वापरता येतो तिला बिघाड शोधता येतो, आणि ज्याला बिघाड शोधता येतो त्याच्याकडेच संघ बघतो. बॅटरीचा दाब मोजणं आणि बीप वाजवून तार जोडलेली आहे की तुटलेली ते तपासणं, एवढं आलं तरी पुरे.

चौथ्यात आर्डुइनो (प्रोग्रॅम भरून मोटर, सेन्सर चालवणारा छोटा बोर्ड) आणि प्रोग्रॅम. लॅपटॉप कमी असतील तर टिंकरकॅड या संकेतस्थळावर आभासी परिपथ मोफत करता येतो, संगणक कक्षातही चालतो. सुरुवात ठोकळे जोडून करायच्या प्रोग्रॅमने करा, पण महिन्याभरात लिहिलेला कोडही दाखवा. मुलींना ठोकळे आणि मुलग्यांना कोड अशी वाटणी कळत-नकळत होते, तिकडे लक्ष ठेवा.

पाचव्या आठवड्यात पिवळ्या गिअर मोटरी, एल२९८एन मोटर ड्रायव्हर (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटरींना बॅटरीची वीज देणारा बोर्ड) आणि दोन चाकं. सहाव्यात कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसणारी ती गाडी काळ्या पट्टीवरून चालवायची.

सहाव्या आठवड्यातली एक सायंकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन मुलींची गाडी मध्येच झटके देत होती. एक चाक फिरे, थांबे, उलटं फिरे. प्रोग्रॅम बरोबर होता, बॅटरी भरलेली होती. शेजारच्या जोडीतला मुलगा उठून आला, मी त्याला हाताने थांबवलं. पंधरा मिनिटं गेली. मग त्यातल्या एकीने मल्टिमीटर बीपवर लावला आणि एकेक तार धरून बघायला लागली. आर्डुइनोच्या जीएनडीवर (म्हणजे ‘ग्राउंड’, परिपथाच्या शून्य व्होल्टच्या जोडावर) एक टोक, मोटर ड्रायव्हरच्या जीएनडीवर दुसरं. बीप आला नाही. तिने पुन्हा टेकवलं. नाही. ‘बाई, या दोघांची जमीनच वेगळी आहे,’ ती म्हणाली. एक काळी तार लावली आणि गाडी सरळ निघाली. दोन्ही बोर्डांचा जीएनडी एकमेकांना जोडलेला नसेल तर सिग्नलला आधारच उरत नाही. हे मी त्यांना फळ्यावर दोनदा सांगितलं होतं, पण कळलं त्या पंधरा मिनिटांत.

शिक्षकाला जड जाणारं काम हेच आहे. उत्तर माहीत असताना पंधरा मिनिटं गप्प बसायचं.

नेहमी येणारे आणखी काही बिघाड इथे देते, म्हणजे तुम्हाला गप्प बसणं सोपं जाईल. एल२९८एनमध्ये सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे सहा व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला चारच्या आसपास मिळतात आणि गाडी रेंगाळते. सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर) थेट आर्डुइनोच्या पाच व्होल्टवर लावली की ताण पडताच बोर्ड पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो, तिला वेगळी वीज द्या. पट्टी ओळखणारे सेन्सर सकाळी खिडकीजवळ एक दाखवतात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दुसरं, त्यांचा छोटा स्क्रू जागेवरच फिरवून जुळवावा लागतो.

पायरी ५ : दोन नियम, जे मोडायचे नाहीत

पहिला नियम : दुसऱ्याच्या हातातून काम घ्यायचं नाही. मदत करणाऱ्याने हात पाठीमागे बांधून बोलायचं. ‘डावीकडची लाल तार बघ’ असं सांगता येतं, तार ओढता येत नाही. हा नियम शिक्षकांनाही लागू. हे अंगवळणी पडायला दोन आठवडे लागतात, पण त्यानंतर मुलगेही नीट समजावून सांगायला शिकतात, आणि तो त्यांचाही फायदाच.

दुसरा नियम : कामाची पाळी बदलत राहील. आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे. जोडणी, वायरिंग, प्रोग्रॅम, चालवणं, चाचणी आणि नोंद, वही आणि निवेदन अशी सहा कामं आणि प्रत्येकापुढे नाव लावलेला चिमटा. दर दोन आठवड्यांनी चिमटे एक घर पुढे सरकतात. वही सगळ्यांनी लिहायची. अक्षर चांगलं आहे म्हणून वही कायमची कुणाच्या गळ्यात मारायची नाही. मुलग्यांचं अक्षर वाईट असेल तर वाचणाऱ्याला थोडे कष्ट पडतील, चालेल.

स्पर्धा जवळ आली की जो तो आपल्या हुकमी कामाला चिकटतो. तेव्हा कामांची अदलाबदल थांबवा, पण एक अट ठेवा : जोडणी, वायरिंग, प्रोग्रॅम आणि चालवणं या चार कामांत मिळून निम्म्या जागा मुलींच्या. आणि प्रत्येक कामाला एक मुख्य, एक जोडीदार. मुख्य मुलगी असेल तर जोडीदार मुलगाही चालतो, फक्त त्याने पाठीमागे हात बांधायचे.

पायरी ६ : खोली

ही लहान वाटणारी पायरी आहे, पण मुली गळतात त्या बरेचदा इथे.

अटल टिंकरिंग लॅब (शासनाच्या अनुदानातून मिळणारी, मुलांनी हाताने वस्तू बनवायची खोली) किंवा प्रयोगशाळेजवळ मुलींचं स्वच्छतागृह सायंकाळी उघडं असतं का? कुलूप लागत असेल तर किल्ली शिपाईकाकांकडे नको, मुलींच्या हाताशी हवी. लॅबच्या कपाटात सॅनिटरी पॅड ठेवा आणि ते तिथे आहेत हे एकदा स्पष्ट सांगा. पाळीच्या दिवसांत न येणाऱ्या मुलीला कारण विचारू नका. तिचा चिमटा तसाच ठेवा.

मोकळे केस, ओढणी आणि बांगड्या ड्रिलजवळ धोक्याच्या. हा नियम ‘मुलींनी’ म्हणून सांगू नका. ‘सैल काही नको’ असा सगळ्यांसाठी सांगा, मुलग्यांच्या मनगटावरच्या दोऱ्यांसह. आम्ही सुती एप्रन शिवून घेतले, ओढणी काढून ठेवायला संकोच वाटू नये म्हणून. सोल्डरिंगची खिडकी उघडी, डोळ्यांना चष्मा, काम झाल्यावर साबणाने हात धुणं, आणि लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून कुणीही घरी जायचं नाही.

पायरी ७ : मुलींचा वेगळा संघ की मिश्र?

हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो. माझं मत सांगते. शिकण्यासाठी सुरुवातीला वेगळं, स्पर्धेसाठी शक्यतो मिश्र, आणि मुलींनी स्वतः मागितला तर त्यांचा वेगळा संघ. वेगळ्या संघात एक गोष्ट आपोआप होते. ‘दे इकडे’ म्हणणारं कुणी नसतं, सगळी कामं त्यांनाच करावी लागतात. २०१९ मध्ये दुबईला झालेल्या फर्स्ट ग्लोबल चॅलेंज या आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स स्पर्धेत भारताकडून मुंबईच्या शाळकरी मुलींचा संघ उतरला होता. त्यांचे फोटो मी लॅबच्या दारावर लावले आहेत. पण पुढे पॉलिटेक्निकमध्ये, कारखान्यात मिश्र टोळीतच काम करायचं आहे, आणि मुलग्यांनाही मुलीच्या सूचनेवरून वायर बदलायची सवय शाळेतच लागलेली बरी.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट मी मुलींना सांगते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. मग वर्षभर पारखून बघू या अटीवर त्यांना घेतलं गेलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. ही गोष्ट ऐकून एका मुलीने विचारलं, ‘पण बाई, त्यांच्याबरोबरच्या मुलग्यांना अशी अट होती का?’ नव्हती. आपल्या टेबलावर अशी न सांगितलेली अट कुणाला लागते आहे का, ते बघायचं.

पायरी ८ : कोणती स्पर्धा, कुठला पैसा

स्पर्धा निवडताना बक्षीस नंतर बघा. आधी संघाचा आकार आणि कामांची वाटणी बघा. फर्स्ट लेगो लीगमध्ये ९ ते १६ वयाची, दोन ते दहा जणांची टोळी चालते. रोबोटचा सामना अडीच मिनिटांचा असतो, पण प्रकल्प, रोबोटची रचना आणि संघभावना यांनाही वजन असतं. टेबलाशी एका वेळी मोजकेच जण उभे राहू शकतात, पण सामन्यात अदलाबदल करता येते. ही सोय वापरा, मुली पाळीपाळीने टेबलाशी येतील हे सरावातच बसवा. जागतिक रोबोट ऑलिंपियाडमध्ये संघ दोन किंवा तीन जणांचाच असतो, म्हणजे लपायला जागा नाही. नव्या मुलींना आधी मोठा संघ, मग छोटा. संच महाग असतात. पहिल्या वर्षी तालुक्यातल्या शाळांनी मिळून पट्टीवरून चालणाऱ्या गाड्यांची शर्यत घेतली तरी शिकण्यात काहीच कमी पडत नाही.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात दहा हजारांहून अधिक शाळांत टिंकरिंग लॅब दिल्या. त्यात सहावी ते बारावीची मुलं येतात आणि शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या आहेत. आपल्याकडे नसेल तर जवळच्या शाळेत आहे का ते शोधा आणि शनिवारची सकाळ मागून घ्या. विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात १० हजार रुपये येतात. दरवर्षी शाळेकडून जाणाऱ्या नावांत मुली किती, हे मुख्याध्यापकांबरोबर बसून बघा. माजी विद्यार्थी, साखर कारखाना, पतसंस्था यांच्याकडे जाताना ‘मदत करा’ असं मोघम सांगू नका. ‘बारा मल्टिमीटर हवेत’ अशी यादी न्या आणि मागायला मुलींनाच बरोबर न्या.

पायरी ९ : स्पर्धेचा दिवस

मुक्काम असेल तर सोबत शिक्षिका हवीच, आणि खोल्यांची व्यवस्था पालकांना आधी लेखी कळवा. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्याचा हिशोब खर्चात धरा.

परीक्षकांसमोर एक गोष्ट हमखास घडते. प्रोग्रॅमचा प्रश्न ते मुलग्याकडे बघून विचारतात आणि ‘प्रकल्पाबद्दल सांगा’ हे मुलीकडे बघून. त्यांच्या मनात काही वाईट नसतं. याची तयारी सरावात करा. मुलग्यांना शिकवा, ‘हे तिने केलं आहे, ती सांगेल.’ मुलींना शिकवा, उत्तर ‘आम्ही’ने सुरू न करता ‘मी’ने सुरू करायचं. ‘मी आधी दोन सेन्सर लावले होते, वळणावर गाडी सुटत होती, म्हणून तिसरा मधे लावला.’ आपल्या मुलींना ‘मी केलं’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून हे वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावं लागतं. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. दहाव्यांदा फुटतो.

रोबोट ऐन वेळी बंद पडेल हे गृहीत धरा. बिघाड शोधणारी जोडी आधीच ठरवा, त्यात एक तरी मुलगी. मल्टिमीटर, जादा तारा, भरलेली बॅटरी, टेप आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर तिच्या पाऊचमध्ये. बाकीच्यांनी दोन पावलं मागे.

पायरी १० : दहावीच्या पुढे

नववी संपली की निम्म्या मुली जातात, आणि त्यांना पूर्ण थांबवता येत नाही. दहावीच्या मुलीला संघातून काढू नका, तिला आठवड्यातून एक तास सातवीच्या मुलींना शिकवायला बोलवा. तिचा अभ्यास बुडत नाही आणि लहान मुलींना शिक्षकापेक्षा ती जवळची वाटते. आमच्याकडे मल्टिमीटरचा आठवडा आता मी घेत नाही, ताई घेते.

दहावीनंतरच्या वाटा पालकांना जानेवारीतच सांगा, निकालानंतर घाईत नको. तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका, त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती पदवी किंवा पदविकेला जाणाऱ्या मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. २०२४ पासून महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तर. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत. हे आकडे एका कागदावर छापून आईच्या हातात द्या.

पायरी ११ : वर्षअखेरीची तपासणी

मार्चमध्ये पुन्हा स्टूल घेऊन बसा आणि रकाने आखा. मग प्रत्येक मुलीला एकटीला एक बिघडवलेली गाडी द्या. एक तार काढलेली, एक बॅटरी उतरलेली, एक ओळ चुकलेली. अर्ध्या तासात ती काय काय शोधते ते बघा. गुण देऊ नका. जिथे ती अडते तिथे पुढच्या वर्षीचा आठवडा वाढवा. आमच्या मुली दोन वर्षं प्रोग्रॅममध्ये अडत होत्या, वायरिंगमध्ये नाही. शोध घेतला तर सरावात लॅपटॉप नेहमी मुलग्यांच्या बाजूच्या प्लगला लागत होता, असं लक्षात आलं. आम्ही एक एक्स्टेंशन बोर्ड आणला.

आणि लॅबची किल्ली. गेल्या जूनपासून ती आठवीतल्या एका मुलीकडे आहे. ती मंगळवारी आणि शुक्रवारी साडेतीनला कुलूप उघडते, पंखा लावते, दर दोन आठवड्यांनी चिमटे एक घर पुढे सरकवते. मी पोहोचेपर्यंत सोल्डरिंग आयर्न तापलेली असते.